पृथ्वीवल्लभ मुंज

सोहराब मोदींनी १९४३ साली पडद्यावर आणलेला ‘पृथ्वीवल्लभ’ ज्यांनी पाहिला, त्यांच्या मनात मुंज राहिला तो कैदेतही मान ताठ ठेवणारा. मूळ कथा कन्हैयालाल मुनशी यांच्या गुजराती कादंबरीची. मोदी स्वतः मुंज आणि आपल्या दुर्गाबाई खोटे मृणालवती. चित्र देखणे खरे. पण आम्हां धारकरांचा मुंज त्यात पुरता मावत नाही.

वैर प्रेमातून उपजले नव्हते. मुंजाचा पिता परमार सीयक याने ९७२ साली राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट लुटली. पुढल्याच वर्षी चालुक्य तैलपाने राष्ट्रकूटांची सत्ता घेतली, आणि इकडे सीयकामागून मुंज माळव्याच्या गादीवर बसला. ‘पृथ्वीवल्लभ’ हे दक्षिणेतल्या सम्राटांचे बिरुद. तेच तो आपल्या ताम्रपटांत मिरवू लागला. तैलपाला हे कसे साहवावे?

पुढची हकीकत मेरुतुंगाच्या ‘प्रबंधचिंतामणी’ची, म्हणजे तीनशे वर्षांनंतरची. मुंजाने तैलपाला सहा वेळा हरविले. सातव्या खेपेस, गोदावरी ओलांडू नका, असे प्रधान रुद्रादित्य विनवीत असता तो पलीकडे गेला आणि सापडला. बंदिवासात तैलपाच्या बहिणीवर, मृणालवतीवर, त्याचा जीव जडला. सुटकेसाठी भुयार तयार होते. तो आपल्याला टाकून जाईल या भयाने तिनेच ते फोडले. मग दारोदार भिक्षा आणि शेवटी वध. चालुक्यांच्या लेखांवरून कैद पक्की ठरते. मृत्यू ९९४ ते ९९७ च्या दरम्यानचा.

मला मात्र ओढ त्याच्या सभेची. दरबारी गवयाच्या घरात वाढल्यामुळे असेल, राजा म्हटला की त्याच्या पदरी कोण होते हे मी आधी पाहतो. पद्मगुप्त, हलायुध आणि ‘दशरूपक’कार धनंजय! रसाचा विषय निघाला की माझ्या शिकवणीत धनंजयाचे नाव येतेच. आपण सगळे श्रेय पुतण्याला, भोजाला, देऊन मोकळे होतो, हे काही बरे नव्हे.

धार आणि देवासचे पवार आपले कूळ परमारांशी जोडतात. त्यांच्यामागून अठराव्या शतकात आलेली आपली घराणी गोदावरी उलट्या दिशेने ओलांडून आली. तैलपाची हुकमत होती त्याच मुलखातून. त्यामुळे या चित्रपटात तैलपाला परका म्हणताना माझी जीभ अडखळते, आणि मुंजाला परका म्हणणे तर शक्यच नाही. मिठास जागायचे ते कोणाच्या?

सूड मुंजाबरोबर संपला नाही. भोजानेही चालुक्यांशी युद्धे केली, आणि अकराव्या शतकाच्या मध्यास तैलपाच्या वंशातल्या सोमेश्वराने धार लुटली. धारेतला तलाव अजून मुंजसागर म्हणूनच ओळखला जातो.