चार फेऱ्यांचा एक पौंड
ग्रॅहम हिल मोटार चालवू लागले तेच मुळी वयाच्या २४व्या वर्षी. पुढचा शर्यतवीर म्हणून कोणी त्यांच्याकडे पाहिले नसते! ब्रँड्स हॅच येथे पाच शिलिंगांत शर्यतीच्या मोटारीची एक फेरी, ही जाहिरात त्यांच्या वाचनात आली. एक पौंड मोजून त्यांनी चार फेऱ्या मारल्या. पुढील फेऱ्यांसाठी पैसा नव्हता. तेव्हा मोटारींची दुरुस्ती करून त्या मोबदल्यात त्या चालवायला मिळवण्याचा मार्ग त्यांनी पत्करला. लोटसमध्येही ते मेकॅनिक म्हणूनच शिरले. १९५८ साली मोनॅकोत फॉर्म्युला वन पदार्पण, १९६२ व १९६८ साली विश्वविजेतेपद. मोनॅकोची शर्यत तर पाचदा जिंकली. २९ नोव्हेंबर १९७५ रोजी ते स्वतः चालवीत असलेले विमान लंडनजवळ धुक्यात कोसळले. सोबतचे पाचही जण दगावले.