स्पार्क प्लगच्या दोन कंपन्या, दोघी एकमेकींच्या वैरी आणि दोघींवर नाव एकाच सायकलपटूचं

जुन्या मेकॅनिकला स्पार्क प्लगचा ब्रँड विचारला तर एक नाव हमखास येतं, चॅम्पियन. जुन्या अमेरिकन गाड्यांचा नाद असलेला कुणी असेल तर तो दुसरं नाव सांगेल, एसी. ऐकणाऱ्याला वाटतं चॅम्पियन म्हणजे विजेता, मार्केटिंगवाल्यांनी ठेवलेलं नाव असणार. आणि एसी म्हणजे काहीतरी विजेशी संबंधित असावं.

दोन्ही अंदाज चुकीचे आहेत. चॅम्पियन हे एका माणसाचं आडनाव आहे आणि एसी ही त्याच माणसाची आद्याक्षरं आहेत. अल्बर्ट चॅम्पियन. या गड्याने आधी सायकलच्या शर्यती मारल्या, मग पाय मोडून घेतला, मग स्पार्क प्लगचा धंदा उभा केला आणि शेवटी स्वतःचंच नाव वापरायचा हक्क गमावला.

अल्बर्टचा जन्म ५ एप्रिल १८७८ चा, पॅरिसचा. घरची परिस्थिती बेताची, वडील लवकर गेले आणि आई लोकांचे कपडे धुवून घर चालवायची. पोरगं लहानपणीच सायकलच्या धंद्यात पोऱ्या म्हणून लागलं. त्या काळात पॅरिसमध्ये सायकलचं वेड असं होतं की जोरात सायकल चालवणाऱ्या पोराकडे पैसेवाल्यांचं लक्ष जायचंच. अल्बर्टकडेही गेलं.

तो ज्या प्रकारात तयार झाला, तो प्रकार भयंकर होता. ट्रॅकवर पुढे मोटरसायकल पळायची आणि तिच्या मागच्या चाकाला जवळजवळ चिकटून सायकलवाला पळायचा. पुढची गाडी वारा कापते, त्यामुळे मागच्याला एरवी शक्यच नाही असा वेग मिळतो. पण पुढचं इंजिन मध्येच अडखळलं तर मागचा थेट तिच्यावर जाऊन आदळायचा. असे कितीतरी सायकलवाले मेले.

आणि त्या काळी इंजिन अडखळायचं मुख्य कारण असायचं इग्निशन. ठिणगी वेळेवर पडायची नाही किंवा प्लगची चिनी माती तडकायची. म्हणजे पुढच्या गाडीचा प्लग चांगला आहे की नाही, यावर मागच्या पोराचा जीव अवलंबून होता.

१८९९ मध्ये या ट्रॅकवरच्या पठ्ठ्याने पॅरिस-रुबे ही रस्त्यावरची शर्यत जिंकली. जवळपास २७० किलोमीटर अंतर आणि वाटेत दगडी फरसबंदीचे रस्ते. सायकलच्या जगात आजही या शर्यतीचं नाव अदबीने घेतात. तेव्हा अल्बर्ट अवघा २० वर्षांचा होता.

पुढच्याच वर्षी तो अमेरिकेला गेला. वॉल्थमच्या एका सायकल कारखान्याला शर्यती मारणारा फ्रेंच गडी हवा होता आणि अल्बर्टला फ्रान्समधली सक्तीची लष्करी नोकरी नको होती. दोघांचंही जमलं. तिकडे सायकलसोबत तो मोटरसायकलही पळवायला लागला आणि इंजिन उघडून बसायचं वेड लागलं ते इथेच.

मग आलं १९०३ साल. न्यूयॉर्कच्या ब्रायटन बीच ट्रॅकवर अल्बर्ट पॅकार्ड कंपनीची ग्रे वुल्फ नावाची रेसिंग कार चालवत होता. गाडीला अपघात झाला आणि त्याच्या मांडीचं हाड मोडलं. कित्येक महिने दवाखान्यात गेले. पाय वाचला, पण दुसऱ्यापेक्षा आखूड झाला.

सायकलवाल्याचा एक पाय आखूड म्हणजे विषय संपला, असं कुणालाही वाटेल. अल्बर्टने सायकलच्या दोन बाजूंना वेगवेगळ्या लांबीच्या क्रँक लावल्या, फ्रान्सला परत गेला आणि १९०४ मध्ये मोटरमागे सायकल पळवण्याच्या प्रकारात फ्रान्सचा विजेता झाला. त्यानंतर मात्र त्याने शर्यतीकडे पाठ फिरवली. मिळालेल्या पैशातून फ्रेंच इग्निशनचं सामान घेतलं आणि जहाजाने पुन्हा अमेरिका गाठली.

१९०५ मध्ये बोस्टनला अल्बर्ट चॅम्पियन कंपनी सुरू झाली. जागा होती सायक्लोरामा नावाची गोल इमारत. गेटिसबर्गच्या लढाईचं अवाढव्य चित्र लोकांना दाखवायला ती बांधली होती. सुरुवातीला अल्बर्ट एदुआर न्यूपोर या फ्रेंच माणसाने बनवलेले मॅग्नेटो आणि प्लग आणून विकायचा. हा न्यूपोरही मूळचा सायकलवाला, पुढे विमानांमुळे त्याचं नाव झालं. लवकरच अल्बर्ट स्वतःचे प्लग बनवायला लागला. भांडवल घातलं फ्रँक स्ट्रॅनाहन याने, पुढे त्याचा धाकटा भाऊ रॉबर्टही धंद्यात आला.

इथे एक गोष्ट समजून घेतली तर या माणसाच्या धंद्याचं मर्म कळतं. प्लगचं काम ठिणगी पाडणं एवढंच नाही. त्याचं टोक इंजिनाच्या आत आगीत बसलेलं असतं. ते साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या खाली राहिलं तर त्यावर काजळी धरते आणि ठिणगी मरते. ८५० च्या बरंच वर गेलं तर टोक स्वतःच निखाऱ्यासारखं लाल होतं आणि ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटवतं. असं अवेळी पेटलं की पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही. म्हणून प्लगमध्ये गरम आणि थंड असे प्रकार असतात. आतल्या चिनी मातीचं नाक लांब असेल तर उष्णता हळू बाहेर जाते, तो गरम प्लग. नाक आखूड असेल तर उष्णता लगेच धातूच्या अंगात उतरते, तो थंड प्लग.

आज टर्बो गाडी ट्यून करून घेणारी पोरं नेमकी इथेच फसतात. टर्बो इंजिनात हवा दाबून भरतो. ट्यूनिंगमध्ये तो दाब आणखी वाढवला की आतली उष्णताही वाढते, म्हणून कंपनीने दिलेल्या प्लगपेक्षा एक पायरी थंड प्लग लागतो. ताकद फारच वाढवली असेल तर दोन पायऱ्या. शिवाय दाबलेल्या हवेतून ठिणगीला उडी मारणं अवघड जातं. गॅप मोठा राहिला तर जोरात ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन अडखळतं. म्हणून तो कमी करून ०.६ ते ०.७ मिलिमीटरच्या आसपास आणतात. नक्की आकडा गाडी, कॉइल आणि बूस्ट बघून ट्यूनर ठरवतो.

इरिडियमचा प्लग महाग असतो, पण त्याच्या बारीक टोकाला ठिणगी पाडायला व्होल्टेज कमी लागतं आणि तो टिकतो जास्त. साधा निकेलचा स्वस्त पडतो, फक्त लवकर बदलावा लागतो. पण धातू कुठलाही असो, पायरी चुकली तर तो वाचवत नाही. आणि उगाच फार थंड प्लग टाकून गाडी रोज ट्रॅफिकमध्ये रांगवली तर काजळी ठरलेली.

यात आणखी एक गंमत आहे. एनजीकेच्या प्लगवर आकडा वाढला की प्लग थंड होतो. चॅम्पियन आणि एसीच्या जुन्या पद्धतीत उलटं, आकडा वाढला की प्लग गरम. ब्रँड बदलताना नुसता आकडा बघून प्लग उचलला तर इंजिनाचं वाटोळं होऊ शकतं.

बोस्टनच्या अल्बर्टकडे टर्बो नव्हता, पण तापून जीवावर उठणारी इंजिनं त्याने जवळून बघितली होती.

१९०८ मध्ये त्याची गाठ विल्यम ड्युरंटशी पडली. ब्युइक ड्युरंटच्या हातात होती आणि त्याच वर्षी त्याने जनरल मोटर्स काढली. त्याला प्लग हवे होते, तेही हजारोंनी. अल्बर्टने बोस्टन सोडलं आणि मिशिगनमधल्या फ्लिंट गावात चॅम्पियन इग्निशन कंपनी काढली.

घोळ झाला तो इथे. बोस्टनची मूळ कंपनी आणि तिचं नाव स्ट्रॅनाहन बंधूंकडेच राहिलं आणि ते सोडायला ते तयार नव्हते. १९१० मध्ये ते टोलेडोला गेले आणि तिथे चॅम्पियन स्पार्क प्लग कंपनी उभी केली. लवकरच फोर्डच्या मॉडेल टी गाडीत त्यांचे प्लग बसायला लागले. मॉडेल टी किती खपली हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे अमेरिकाभर प्लगच्या डबीवर चॅम्पियन हे नाव झळकत होतं, पण त्याचा पैसा चॅम्पियनला मिळत नव्हता.

फ्लिंटच्या प्लगवर मग एसी ही अक्षरं आली. नावाचं भांडण तरीही चालू राहिलं. शेवटी १९२२ मध्ये फ्लिंटच्या कंपनीने चॅम्पियन हा शब्द कायमचा सोडला आणि ती एसी स्पार्क प्लग कंपनी झाली. आपल्या कारखान्यावर आपलं आडनाव लावायला बंदी, हे दुखणं शर्यती मारणाऱ्या माणसाला किती लागलं असेल.

धंदा मात्र त्याने सोडला नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या लिबर्टी या विमानाच्या इंजिनाला एसीचे प्लग गेले. विमानाचं इंजिन तासन्‌तास जोरात चालतं आणि हवेत गाडी बाजूला घेता येत नाही. तिथे टिकलेला प्लग रस्त्यावर टिकणारच, हे गिऱ्हाइकाला वेगळं सांगावं लागलं नाही.

मे १९२७ मध्ये चार्ल्स लिंडबर्ग एकटा न्यूयॉर्कहून पॅरिसला न थांबता उडत गेला. त्याच्या विमानाला ९ सिलिंडरचं राइट इंजिन होतं, प्रत्येक सिलिंडरला दोन म्हणजे एकूण १८ प्लग, आणि ते प्लग एसीचे होते. उड्डाण साडेतेहतीस तासांचं. इंजिनाचे मिनिटाला सोळाशे फेरे धरले तर प्रत्येक प्लगने सोळा लाखांच्या आसपास ठिणग्या पाडल्या, त्याही खाली अटलांटिक महासागर असताना.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अल्बर्ट पॅरिसला आलेला असताना अचानक गेला. वय होतं ४९. ज्या शहरात त्याच्या आईने लोकांचे कपडे धुतले, त्याच शहरातल्या म्यूरिस या बड्या हॉटेलात तो उतरला होता.

त्याच्या मागे फ्लिंटचा कारखाना जनरल मोटर्सचा भाग म्हणून वाढत गेला. १९६० च्या दशकात चंद्रावर जाणाऱ्या अपोलो यानाला दिशा दाखवणारी यंत्रणा बनवण्याचं काम याच एसी विभागाकडे होतं. जनरल मोटर्सच्या सुट्या भागांवर आज एसीडेल्को हे नाव असतं, त्यातला एसी म्हणजे अल्बर्ट चॅम्पियन. आणि टोलेडोवाल्यांचा चॅम्पियन प्लगही अजून बाजारात मिळतो, दुकानात कधीकधी एकाच फळीवर, एसीच्या शेजारी.