मोडक मास्तरांचे रसायन

अंबाबाईचे दर्शन घेऊन भवानी मंडपाकडे आले, की जुन्या राजाराम कॉलेजची दगडी इमारत दिसते. गोपाळ कृष्ण गोखले या कॉलेजात शिकले, ना. सी. फडके आणि माधव जूलियन यांनी येथे शिकवले, हे आपण कोल्हापूरकर पाहुण्यांना कौतुकाने सांगतो. बाळाजी प्रभाकर मोडक यांचे नाव मात्र सहसा कोणी घेत नाही. एके काळी मराठी जाणणाऱ्या जिज्ञासू माणसाला विज्ञान म्हटले, की हेच नाव आठवत असे.

मोडकांचा जन्म 1847चा. मुंबई विद्यापीठ निघाले तेव्हा ते दहा वर्षांचे होते. नव्या विद्येत तयार झालेल्या त्यांच्या पिढीला सरकारी नोकरी आणि वकिली या दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. दोन्हींत मान होता, पैसाही होता. मोडक शिक्षक झाले. कोल्हापुरात राहिले आणि विज्ञान शिकवू लागले. राजाराम हायस्कुलाला 1880 साली कॉलेजचे वर्ग जोडले गेले, तेव्हा येथल्या मुलांना रसायन आणि पदार्थविज्ञान समजावून सांगणारा माणूस आधीच तयार होता.

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला त्या वेळी प्रीव्हियस म्हणत. त्या वर्गात येणाऱ्या मुलाची कल्पना करून पाहा. पाठांतर हे त्याच्या घराण्याचे बळ. स्तोत्रे, शब्दरूपे, पाढे सारे मुखोद्गत. इंग्रजी क्रमिक पुस्तकही तो असेच पाठ करी आणि परीक्षेत उतरवी. पण रसायन हा विषय मोठा खट्याळ! हळदीवर चुन्याचे पाणी पडले, की ती लाल होते आणि वर लिंबू पिळले, की पुन्हा पिवळी. आपल्या घरातल्या बायकांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ते का घडते, हे ज्याला चार वाक्यांत दुसऱ्याला सांगता येत नाही, त्याला रसायन आले असे म्हणता येत नाही. मग पुस्तक कितीही पाठ असो. आणि ती चार वाक्ये ज्या भाषेत विचार चालतो त्या भाषेत जुळवायची, तर तिच्यात शब्द हवेत. मराठीत ते फार थोडे होते. रसायन म्हटले, की लोकांना वैद्याची मात्रा किंवा किमयागाराचे सोने आठवे.

मोडकांनी लेखणी उचलली ती येथे. रसायन, पदार्थविज्ञान, उष्णता, यंत्रे, एकामागून एक विषय त्यांनी मराठीत आणला. पारिभाषिक शब्दांसाठी संस्कृतचा आधार घेण्याची तेव्हाची रीत होती. प्राणवायू, नत्रवायू, उज्जवायू हे शब्द त्या काळच्या ग्रंथांतले. त्यांतले काही जड होते, हे कबूल करायला हवे. उज्जवायू टिकला नाही, हायड्रोजनच रुळला. पण टिकणारे शब्द सापडायचे, तर न टिकणारेही कोणीतरी आधी वापरून पाहावे लागतात.

केवळ पुस्तकांवर ते थांबले नाहीत. वर्गाबाहेरच्या लोकांसाठी ते सप्रयोग व्याख्याने देत. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये 1825 साली मुलांसाठी नाताळची व्याख्याने सुरू झाली आणि मायकेल फॅरेडेने एका मेणबत्तीवरून अख्खे रसायन उलगडून दाखवले. लोहाराच्या घरात जन्मलेल्या या शास्त्रज्ञाने चांगले बोलता यावे म्हणून शिकवणी लावली होती. प्रयोग करणे आणि तो सांगणे या दोन वेगळ्या कला आहेत, हे त्याने ओळखले होते. मोडकांची जात हीच.

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. हायपोथिकेशन म्हटले, की समोरचा शेतकरी मान डोलवी आणि अंगठा पुढे करी. नजरगहाण म्हटले, की तो थबके आणि विचारी, म्हणजे बैल माझ्याच गोठ्यात राहणार ना? माणसाला समजू लागले, की तो प्रश्न विचारतो. मोडकांना वर्गात प्रश्न विचारणारी मुले हवी होती, असे त्यांच्या साऱ्या खटाटोपाकडे पाहून मला वाटते.

पण परीक्षा इंग्रजीत होती. विद्यापीठात मराठीला पुन्हा जागा मिळावी म्हणून न्यायमूर्ती रानड्यांसारख्यांना वर्षानुवर्षे झटावे लागले, तेथे मराठी रसायनाला कोण विचारतो? गुण मिळवून न देणारे पुस्तक विद्यार्थी विकत घेत नाही, हा व्यवहार तेव्हाही होता. तरी मोडक लिहीत राहिले. कोल्हापूर आणि कर्नाटकातल्या संस्थानांचा इतिहास त्यांनी लिहिला, दक्षिणेतल्या मुसलमानी राज्यांचाही लिहिला. अभ्यासक आज त्यांना ओळखतात ते बहुधा या इतिहासग्रंथांमुळे. मला ही वाटणी अन्यायाची वाटते. इतिहासाला दुसरे लेखक मिळाले असते, रसायनाला तेव्हा कोण मिळणार होते?

1906 साली मोडक गेले. पुढे 1962 साली कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ झाले आणि राजाराम कॉलेजही आता त्याच्या शेजारी सागरमाळावर आहे. करवीर, पन्हाळा, राधानगरी तालुक्यांतून दहावीपर्यंत मराठीत शिकलेली मुले येथल्या कॉलेजांत विज्ञानाला येतात. प्रयोगाची वही वरच्या वर्गाच्या वहीवरून सुबक अक्षरात उतरवली जाते. तोंडी परीक्षेत मात्र उत्तर ठाऊक असलेला मुलगाही गप्प उभा राहतो, कारण वाक्य कोठून सुरू करावे हे त्याला कळत नाही. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च शिक्षणात भारतीय भाषांचा पुरस्कार केला आहे. त्यासाठी पुस्तके लिहायला बसणाऱ्यांनी आधी मोडकांची पाने चाळावीत. अवघड गोष्ट सोपी करताना कोठे जमते आणि कोठे फसते, दोन्ही तेथे दिसते.

2021च्या त्या भयंकर उन्हाळ्यात रोजच्या वर्तमानपत्रात प्राणवायू हा शब्द पहिल्या पानावर असे. त्याचा अर्थ कोणालाही विचारावा लागला नाही.