रेव्हरंड नारायण वामन टिळक

ज्यांची मराठी भजने आमच्या देवळांतही आवडीने गायिली जातात, त्या टिळकांचे चरित्र ह्या महोत्सवप्रसंगी नांदेड-लातूरकडील भाविकांपुढे ठेवणे आम्हांस उचित वाटते.

त्यांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी, ब्राह्मण कुळात झाला. चरितार्थासाठी त्यांनी ठिकठिकाणी शिक्षकाचे काम केले. राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांस नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे अंतःकरण जिंकिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आप्त तुटले, पत्नी लक्ष्मीबाईही दुरावल्या; परंतु काही वर्षांनी त्या परतल्या व पुढे स्वतः ख्रिस्तशरण झाल्या.

अहमदनगरास ते ख्रिस्ती धर्मोपदेशक होऊ इच्छिणाऱ्यांस शिकवीत. ख्रिस्त मराठी माणसास परका वाटू नये, ही त्यांची तळमळ. म्हणून त्यांनी अभंगांतून त्याची भक्ती गायिली. १९१७ साली मिशनचे वेतन सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा बंधुसंघ स्थापिला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसही तेथे स्थान होते. ९ मे १९१९ रोजी ते मुंबईस निवर्तले. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

टिळक प्रॉटेस्टंट होते, हा भेद आम्ही झाकीत नाही. तथापि वेतन थांबले तरी सेवा थांबत नाही, हा त्यांचा धडा सर्वांचाच आहे. पेन्शनीत निघालेल्या आमच्या गुरुजींनी व बाईंनी तो ध्यानी घ्यावा. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुले वाट पाहत आहेत.