रोमच्या पाण्याचा हिशेब तपासणारा फ्रंटिनस

इ.स. ९७ मध्ये सम्राट नेर्व्हाने रोम शहराचा पाणीपुरवठा सेक्स्टस ज्युलियस फ्रंटिनसच्या हाती दिला. फ्रंटिनस तोवर कॉन्सल झाला होता, ब्रिटनचा राज्यपाल म्हणून त्याने वेल्समधल्या सिल्युरेस टोळीला नमवले होते आणि युद्धातल्या डावपेचांवर पुस्तकही लिहिले होते. पाण्याचे काम त्याला नवे होते. हाताखालच्यांना विचारून कारभार करणे त्याला कमीपणाचे वाटे, म्हणून तो स्वतःच नऊ जलवाहिन्यांची मोजणी करू लागला.

दप्तरात आवक १२,७५५ क्विनारिया लिहिलेली होती, वाटप मात्र १४,०१८. आलेल्यापेक्षा वाटलेले पाणी जास्त! मग त्याने उगमाजवळ मोजले, तर दप्तरापेक्षा सुमारे १०,००० क्विनारिया जास्तच भरले. मधले पाणी जात कुठे होते?

क्विनारिया म्हणजे सव्वा अंगुळ, म्हणजे सुमारे २.३ सेंटिमीटर व्यासाची नळी. तिच्या तोंडाचे क्षेत्रफळ हेच पाण्याचे माप. ज्याला पाणी मंजूर होई, त्याच्यासाठी हौदाच्या भिंतीत ठरल्या मापाचे, शिक्का मारलेले कांस्याचे नळकांडे बसवत. त्याला कॅलिक्स म्हणत. त्याची लांबी किमान १२ अंगुळे, म्हणजे सुमारे २२ सेंटिमीटर असावी लागे. शिसे मऊ, ते ठोकून तोंड रुंद करता येते. कांस्य सहज वाकत नाही.

पण शिक्का खरा असूनही पाणी जास्त जाऊ शकते, हे फ्रंटिनसच्या लक्षात आले. कॅलिक्स खालच्या पातळीवर बसवला तर तो जास्त पाणी ओढतो, वर बसवला तर कमी. प्रवाहाकडे तोंड करून बसवला तर जास्त घेतो, प्रवाहाच्या दिशेने वळवला तर कमी. उंचावरून वेगाने आलेले पाणी त्याच तोंडातून जास्त जाते. पाणीवाल्यांना हे सगळे ठाऊक होते. शिक्क्याच्या कॅलिक्सला लगेच रुंद नळी जोडण्याची युक्तीही त्यांचीच. वास्तविक सिनेटच्या जुन्या ठरावानुसार हौदापासून ५० फुटांच्या आत जास्त रुंद नळी जोडायला बंदी होती. रस्त्याखालून चोरून टाकलेल्या नळ्या तर वेगळ्याच. त्या उखडल्या तेव्हा भरपूर शिसे हाती लागले.

सरकारी ताफ्यात ७०० गुलाम होते. मुकादम त्यांना खासगी कामांवर लावत. फ्रंटिनसने दुसऱ्या दिवशीची कामे आदल्या दिवशीच लिहून ठेवायची शिस्त लावली.

त्याचा हिशेब मात्र अपुरा होता. वेगाने फरक पडतो हे माहीत असूनही वेग मोजायचे साधन त्याच्याकडे नव्हते. त्यामुळे ते १०,००० क्विनारिया सगळेच चोरीला गेले असे म्हणणे पाणीवाल्यांवर अन्यायाचे होईल. उगमाजवळचा वेग आणि हौदातला वेग वेगळा असेल, तर नुसत्या क्षेत्रफळाची बेरीज जुळणार कशी?

ट्राजानच्या काळात तो आणखी दोनदा, ९८ आणि १०० मध्ये, कॉन्सल झाला. १०३ च्या सुमारास तो वारला. आपले स्मारक बांधू नये, अशी त्याची इच्छा होती. पाण्यावरचे त्याचे पुस्तक पुढे मोन्ते कासिनोच्या मठातल्या हस्तलिखितामुळे टिकले.

त्याचे इंग्रजी भाषांतर १८९९ मध्ये अमेरिकन अभियंता क्लेमेन्स हर्शेलने प्रसिद्ध केले. होल्योक इथल्या गिरण्यांना विकले जाणारे पाणी मोजण्याच्या कामातून त्याने १८८० च्या दशकात वेंचुरी मीटर तयार केला होता. त्यात नळी मध्ये अरुंद केलेली असते आणि दाबातल्या फरकावरून वेग कळतो. पण हा मीटरही आधीच्या जोडणीवर अवलंबून असतो. त्याच्या अलीकडे लगेच एल्बो किंवा अर्धवट उघडा व्हॉल्व्ह असला, तर पाणी गरगरत किंवा एका बाजूला झुकून येते आणि आकडा चुकतो. म्हणून मीटरच्या आधी व्यासाच्या कित्येक पट लांबीची सरळ नळी ठेवतात. एकापाठोपाठ दोन एल्बो वेगवेगळ्या दिशांना वळलेले असतील, तर ती आणखी लांब लागते.