आचार्य जगदीशचंद्र बोस

आचार्य जगदीशचंद्र बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी बंगालमधील मैमनसिंग येथे झाला. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी होते. तथापि त्यांनी मुलास प्रथम बंगाली शाळेतच घातले. मातृभाषेतील शिक्षण विज्ञानाच्या आड येते असे मानणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, असे आम्हांस वाटते.

केंब्रिजचे शिक्षण आटोपून १८८५ साली ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात अध्यापक झाले. भारतीय अध्यापकास गोऱ्या अध्यापकाहून कमी वेतन देण्याचा तेथे प्रघात होता. जगदीशचंद्रांनी तीन वर्षे वेतनास स्पर्श केला नाही. अध्यापनात मात्र कसूर केली नाही. अखेर सरकार नमले व पूर्ण वेतन थकबाकीसह त्यांना मिळाले.

पुढे कॉलेजातील एका लहानशा खोलीत त्यांनी अवघ्या पाच मिलिमीटर लांबीच्या विद्युत्-लहरी निर्माण केल्या. आज त्यांची गणना सूक्ष्मलहरींत होते. १८९५ साली कलकत्त्यात या लहरींनी भिंतींपलीकडील घंटा वाजवून दाखवली. परंतु लहर निर्माण करण्याहून क्षीण लहर टिपणे कठीण. त्यासाठी बोसांनी गॅलिना या शिशाच्या खनिजाचा स्फटिक योजिला. पेटंटाचा त्यांना तिटकारा होता. तरी स्नेह्यांच्या आग्रहामुळे १९०४ साली अमेरिकेत या साधनाचे पेटंट त्यांच्या नावे झाले.

२३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे ते निवर्तले. त्यानंतर दहा वर्षांनी, १९४७ च्या डिसेंबरात, ट्रान्झिस्टर जन्मास आला. गॅलिनाप्रमाणे तोही अर्धवाहकाचाच. बोसांचा स्फटिक लहर ओळखी. ट्रान्झिस्टर ती वाढवतो. मात्र वाढवताना तो स्वतःची खरखरही तीत मिसळतो. पहिल्या ट्रान्झिस्टरची खरखर पुढील प्रत्येक टप्पा वाढवीत नेतो. म्हणून पहिला टप्पा सर्वांत शांत असावा लागतो. त्यासाठी मंडल रचणारा तंत्रज्ञ तेथे थोड्या वाढीवर पाणी सोडतो, आणि आकाशकापासून त्या टप्प्यापर्यंतची तार होईल तितकी आखूड ठेवतो. पुणे जिल्ह्यातील खोडद येथे पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशातील रेडिओलहरी टिपतात; त्यांच्या मुखाशीही असेच शांत प्रवर्धक बसविलेले आहेत.

विद्यार्थिमित्रहो, जे क्षीण आहे ते ऐकावयाचे तर प्रथम ऐकणाऱ्याने स्वतःचा गलबला आवरावा लागतो. त्या लहानशा खोलीत बोसांनी हेच साधले. आमच्या वर्गातही हाच नियम लागू आहे, आणि तो प्रथम आम्हां शिक्षकांस, हे आम्ही जाणून आहोत.