शाहू महाराजांच्या शिकारीसाठी राखलेलं रान, पुढे राज्यातलं पहिलं अभयारण्य कसं झालं?

डिसेंबर २०२१. माधवनगरच्या शेजारी, सांगलीच्या मार्केट यार्डात थेट गवा शिरला. हजार किलोपर्यंत वजन भरणारं हे जनावर बघायला तोबा गर्दी झाली. शेवटी वनखात्याने त्याला पकडून जंगलात सोडलं.

पण आज गव्यांचं हक्काचं घर म्हणून ओळखलं जाणारं दाजीपूरचं रान टिकलं कसं? त्यासाठी राजर्षी शाहू महाराजांच्या काळात जावं लागतं.

२६ जून १८७४ ला कागलच्या घाटगे घराण्यात यशवंतरावांचा जन्म झाला. १८८४ साली ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू झाले. २ एप्रिल १८९४ ला कारभार हाती आला. १९०२ चा ५० टक्के आरक्षणाचा हुकूम सगळ्यांना माहितीय. शिकारीचा नाद मात्र त्यामानाने कमी सांगितला जातो.

महाराज पट्टीचे शिकारी. पाळीव चित्ते काळविटांवर सोडून केलेली शिकार ही तर कोल्हापूरची खासियत. सह्याद्रीच्या माथ्यावरचं दाजीपूरचं जंगल संस्थानाने शिकारीसाठीच राखलं होतं. हेतू प्राणी वाचवायचा नव्हता. पण दरबाराचं रान म्हटल्यावर इतरांच्या कुऱ्हाडीला आणि बंदुकीला आपसूक लगाम बसला.

याच डोंगरात भोगावती नदीवर महाराजांनी राधानगरी धरण बांधायला घेतलं. नाव दिलं लेकीचं, राधाबाईंचं. काम पैशाअभावी रखडलं. ६ मे १९२२ ला, अवघ्या ४७ व्या वर्षी, महाराजांचं मुंबईत निधन झालं. धरण पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर.

१९४९ ला संस्थान विलीन झालं. शिकारीचा हक्क संपला, पण रान शाबूत होतं. १९५८ साली दाजीपूर गव्यांसाठीचं अभयारण्य झालं, राज्यातलं पहिलं. १९८५ ला हद्द वाढून ते सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचं राधानगरी अभयारण्य बनलं. २०१२ ला पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीतही गेलं.

रान एकदा गेलं तर काय करावं लागतं, हे सांगली जिल्ह्यातच दिसतं. सागरेश्वरच्या उघड्याबोडक्या डोंगरावर झाडं लावावी लागली, सांबर-चितळ बाहेरून आणून सोडावे लागले. एवढ्या खटाटोपानंतर उभं राहिलं जेमतेम ११ चौरस किलोमीटरचं अभयारण्य.

दाजीपूरला गवे आणावे लागले नाहीत. ते तिथून कधी गेलेच नव्हते.